समासातले वारस

जळगावातल्या एका वाचनालयात ‘छावा’ची जी प्रत आहे, तिची बांधणी दोनदा बदलून झाली आहे. पानांचे कोपरे मऊ पडलेत, मधली चार-दोन पाने डिंकाने चिकटवलीत आणि समास भरलेत. पेन्सिल, निळे पेन, एके ठिकाणी चक्क लाल शाई. पहिल्याच पानावर ‘पुस्तकावर काहीही लिहू नये’ असा शिक्का आहे. त्याच्या बरोब्बर खाली कुणीतरी लिहून ठेवले आहे : ‘सोयराबाईला माफी नाही.’

शिवाजी सावंतांची संभाजी महाराजांवरची ही कादंबरी १९७९ ची. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच नावाचा चित्रपट आला आणि तिच्यासाठी पुन्हा नंबर लागू लागले. ग्रंथपालबाई एका वहीत नावे टिपून घेत. ज्यांनी शाळा सोडल्यापासून पुस्तक हाती धरले नव्हते असेही त्या वहीत होते. याचा आनंद आहे, उगाच नाक मुरडण्याचे कारण नाही. पण प्रत हाती आली की आम्ही आधी समास वाचतो. कादंबरी लेखकाची असते, समास गावाचा.

गाव काय म्हणते? गाव निकाल देते. आमच्याकडचा वाचक इतिहास वाचायला बसत नाही, तो पंचायतीला बसतो. खरा वारस कोण, कोणी कोणाचा हक्क मारला, कोणत्या बाईने कोणाचे कान भरले, कोणता मामा कोणाच्या बाजूने उभा राहिला. शिवछत्रपती ३ एप्रिल १६८० रोजी गेले. त्याच महिन्यात रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आले. जूनमध्ये रायगड संभाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांना राज्याभिषेक झाला. कालक्रम एवढाच. पण त्या नऊ महिन्यांवर समासात जेवढी शाई सांडली आहे तेवढी पुढच्या नऊ वर्षांच्या लढायांवर नाही. हंबीरराव मोहिते म्हणजे राजारामांच्या आई सोयराबाईंचे सख्खे भाऊ. त्यांनी बहिणीचा पक्ष सोडून संभाजी महाराजांचा पक्ष धरला, त्या पानावर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत ‘शाब्बास’ आहे. एकाने तर पुढे आपल्या गावाचे नावही घातले आहे.

याचे नवल वाटू नये. खानदेशात भाऊबंदकी हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. बांध कोरला, विहिरीची पाळी चुकली, केळीच्या बागेतून ट्रॅक्टर नेला, एवढ्यावर दोन घरांचे बोलणे तीस-तीस वर्षे बंद असते. रायगडचा वारसा वाचताना माणूस मनात आपलाच सातबारा उघडतो. ज्याचा वाटा गेला तो संभाजी महाराजांच्या बाजूचा होतो. ज्याने वाटा घेतला तोही त्यांच्याच बाजूचा होतो, कारण पुस्तकात अन्याय करणारा आपण नसतोच.

आणि ही मते काही कायमची नसतात. आमच्या आजोबांच्या पिढीतले वाचक संभाजी महाराजांविषयी काय बोलत ते आज छापता येणार नाही. नाटकांनी आणि जुन्या बखरींनी त्यांच्या डोक्यात एक उच्छृंखल राजपुत्र बसवून दिला होता, आणि त्यांना तोच खरा वाटे. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कित्येक दशके कागद धुंडाळून १९६० साली चरित्र काढले, १९७१ मध्ये कमल गोखले यांचे आले, तेव्हा कुठे पारडे फिरले. आजच्या समासात बेंद्र्यांचे नाव एकदाही नाही. मत बदलणाऱ्याचे नाव कुणाला आठवत नाही, बदललेले मत मात्र आपलेच वाटते. धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. तिथल्या कागदांवर इतक्या पेन्सिली झिजल्या असत्या तर!

आता आमच्या घरच्या वारसांचे बघा. बऱ्हाणपूर रावेरहून तासाभराचे. राज्याभिषेकानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तोच संभाजी महाराजांची फौज बऱ्हाणपुरावर चालून आली आणि लूट घेऊन चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेली. चित्रपटाची सुरुवातच तिथून होते, म्हणून चोपड्याच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. पण त्याच बऱ्हाणपुरातून आणि त्याआधी थाळनेरातून दोनशे वर्षांवर खानदेशावर ज्यांनी राज्य केले त्या फारुकींच्या वारसांविषयी आमचा वाचक एक अक्षर बोलत नाही. समास कोरा. खरे तर वारसांच्या भांडणाचे एवढे अस्सल प्रकरण दुसरीकडे शोधून सापडायचे नाही.

मलिक राजा फारुकी १३९९ मध्ये गेला. जाताना त्याने दोन मुलांत वाटणी करून दिली : थोरल्या नासिरला लळिंग, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. लळिंगचा किल्ला धुळ्याहून मालेगावकडे निघाले की उजव्या-डाव्या हाताची चौकशी न करताही दिसतो. थाळनेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. वाटणी चोख, बांधही ठरलेला. थोरल्याला ती पुरली नाही. माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन १४१७ मध्ये त्याने थाळनेर घेतले आणि भावाला कैदेत टाकले. आमच्याकडे वाटणीच्या भांडणात तालुक्याचा पुढारी बोलावतात, त्याने मांडूचा सुलतान बोलावला. फरक एवढाच.

या घराण्याने पुढे त्यावर एक उपाय काढला. राज्य एकाला आणि बाकीचे भाऊबंद अशीरगडावर बंदिस्त. गादी रिकामी झाली की गडावरून एकाला खाली आणायचे. म्हणजे वारस हा राखीव ठेवलेला माल. शेवटचा राजा बहादूर हाही गादीवर येण्यापूर्वी त्याच गडावर कोंडलेला होता. १६०० मध्ये अकबराने अशीरगडाला वेढा घातला आणि बहादूर त्याच्या हाती पडला. तेव्हाचा एक प्रसंग जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तान्तात आहे. गडाच्या हबशी किल्लेदाराने आत कोंडलेल्या सात राजपुत्रांपुढे मुकुट धरला आणि विचारले, तुमच्यातला कोण राजा होतो? सातांपैकी एकही पुढे आला नाही. इतिहासकारांचे या वृत्तान्तावर एकमत नाही, अबुल फजलचे म्हणणे वेगळे. पण गड १६०१ च्या जानेवारीत पडला हे खरे. अकबराने सुभा शहजादा दानियालकडे दिला आणि खानदेशाचे नाव दानदेश केले. दानियालही वारसच. तो पुढे दारूत संपला, आणि दानदेश हे नावही टिकले नाही.

त्या सात जणांवर मराठीत एखादी जाडजूड कादंबरी हवी होती. ज्यांना जन्मभर फक्त वारस म्हणून सांभाळले, त्यांच्यात राजा व्हायची ताकदच उरली नाही. थाळनेरला फारुकींच्या कबरी आहेत. तापीवर आंघोळीला जाणारी माणसे त्यांच्या सावलीत चपला काढतात.

असो. मूळ मुद्दा वाचकांचा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये वारसांचा हा प्रश्न कादंबरीतून उठून थेट धुळ्याच्या चौकात आला. कोल्हापुरात लोकसभेसाठी श्रीमंत शाहू छत्रपती उभे होते. विरोधातले उमेदवार संजय मंडलिक यांनी प्रचारात काढले की आताचे महाराज दत्तक आहेत, खरे वारस नव्हेत. पाठोपाठ धुळ्याचे माजी आमदार राजवर्धन कदमबांडे कोल्हापुरात गेले आणि त्यांनी रक्ताच्या वारशाचा दावा आपल्याकडे घेतला. ते कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांचे पुत्र. म्हणजे राजर्षी शाहूंचे पणतू, लेकीच्या बाजूने.

त्या आठवड्यात धुळ्यात चहाच्या प्रत्येक टपरीवर वंशावळ निघाली होती. कदमबांडे हे नाव इथे नवे नाही. कंठाजी कदमबांडे पिलाजी गायकवाडांच्या बरोबरीने गुजरातेत उतरलेला सरदार. त्यामुळे ‘आपला माणूस’ ही भावना होतीच. ‘रक्त ते रक्त’ हे वाक्य आम्ही त्या काळात इतक्या वेळा ऐकले की रक्तपेढीत बसल्यासारखे वाटे. कोल्हापूरच्या मतदारांनी शाहू छत्रपतींना दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून दिले आणि विषय मिटला. कदमबांडे यांच्या दाव्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, तो त्यांच्या घरचा प्रश्न. म्हणायचे आहे ते टपरीवरच्या वाचकांबद्दल.

वंशावळ नीट मांडून बघा. ज्यांच्या रक्ताची गोष्ट चालली होती ते राजर्षी शाहू जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे, १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज १९४० मध्ये गेले, मागे कन्या. गादीवर आधी एक लहान मुलगा दत्तक घेतला, तो १९४६ मध्ये गेला. मग १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव पवार दत्तक येऊन शहाजी महाराज झाले. हे कोण? राजर्षी शाहूंच्या कन्येचे पुत्र. शहाजी महाराजांनी १९६२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे दिलीपसिंह दत्तक घेतले, तेच आजचे शाहू छत्रपती. हे कोण? शहाजी महाराजांच्या कन्येचे पुत्र. आणि धुळ्याचा दावा राजाराम महाराजांच्या कन्येच्या पुत्राचा.

म्हणजे तिन्ही वाटा लेकींमधून जातात. गादी लेकीवरून पुढे सरकते, लेकीपाशी थांबत मात्र नाही. १९६२ मध्ये त्या दत्तकाविरुद्ध कोल्हापूरचे लोक पद्माराजेंच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. रस्त्यावरच्या माणसाला लेकीचा हक्क दिसला होता, हे साठ वर्षांपूर्वीचे. धुळ्याच्या टपरीवरही २०२४ मध्ये तो दिसला, कारण त्या लेकीचा मुलगा आपल्या गावचा होता.

बडोद्याचे प्रकरण याहून लख्ख आहे आणि तेही मूळचे आमच्याच मातीतले. खंडेराव गायकवाड १८७० च्या नोव्हेंबरात वारले, तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर कैदेतून आणलेल्या दीर मल्हाररावांची, असे ठरले. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली. ताराबाई. मल्हारराव महाराज झाले आणि चार वर्षांत असा कारभार केला की १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. गादी पुन्हा रिकामी. राजाची लेक होतीच, चार वर्षांचीही न झालेली. तिचे नाव कुणी घेतले नाही. वारस शोधायला माणसे दूरच्या शाखेपर्यंत गेली आणि मालेगावजवळच्या कवळाण्याहून काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा गोपाळ आणला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला.

कवळाणे आज नाशिक जिल्ह्यात. पण नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. गोपाळ १८६३ मध्ये जन्मला तेव्हा मालेगावचा मुलूख खानदेशाच्या कलेक्टरीत होता, म्हणून आम्ही त्यांना आपले म्हणतो. आणि का म्हणू नये? अक्षरओळख नसलेल्या त्या मुलाने पुढे १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण केले, मुलींनासुद्धा. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून गावोगाव वाचनालये उघडली. निवड उत्तम निघाली यात शंका नाही. पण ती निघाली नशिबाने. मल्हाररावांची निवडही त्याच नियमाने झाली होती.

जळगावच्याच वाचनालयात सयाजीरावांचे एक जुने चरित्र आहे. मुलगी झाल्याच्या वाक्यापाशी समासात बारीक, वळणदार अक्षरात एकच शब्द : ‘मग?’ खाली दुसऱ्या हाताने, ठळक : ‘तशी रीत नव्हती.’ त्याखाली पहिलेच अक्षर पुन्हा आलेले, पण ते कुणीतरी खोडरबराने पुसले आहे. पान उजेडात तिरपे धरले तर खाच दिसते, शब्द लागत नाही.

आता रीत म्हणाल तर एक रीत आमच्याकडे दरवर्षी पाहायला मिळते. आखाजी. बाकी महाराष्ट्राची अक्षय तृतीया म्हणजे आंबा आणि सोने. आमची आखाजी म्हणजे पितरांच्या नावाने भरलेली घागर, तिच्यावर ठेवलेले डांगर, खापरावरचे मांडे आणि लिंबाला टांगलेले झोके. सासुरवाशिणी माहेरी येतात. आमच्या नात्यातली एक ताई सुरतेहून आली, भुसावळ पॅसेंजरने, अमळनेरला उतरली. धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन स्टेशनावर हजर. वडील जाऊन वर्ष व्हायचे होते, म्हणून घागर यंदा त्यांच्या नावाची. ती तिनेच भरली. सण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी भाऊ म्हणाला, “ताई, तालुक्याला जाऊन येऊ. एक सही शे फक्त.”

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गर्दी होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी असतेच. बाकावर बसलेल्या बायकांच्या हातात एकेक नवी साडी, पिशवीसकट. दस्तलेखकाने कागद पुढे केला, ताईने तो वाचायला घेतला तर म्हणाला, “हक्कसोड आहे हो, त्यात काय वाचायचं?” यंत्रावर अंगठा, मग “कॅमेऱ्याकडे बघा.” तिने पदर सारखा केला आणि बघितले. चार एकरांतला तिचा वाटा तेवढ्या वेळात सुटला. वाटेत रसवंतीवर उसाचा रस झाला. “माहेर तुटायला नको,” हे वाक्य तिथे आले, आणि ते भाऊ बोलला नाही, तीच बोलली.

हाच भाऊ ‘छावा’ पाहून थिएटरात ढसढसा रडला होता. टपरीवर रक्ताच्या वारसाची बाजू सगळ्यांत तावातावाने मांडणाराही हाच. सोयराबाईंविषयी त्याचे मत पक्के आहे : बाईने घर फोडले. तो वाईट माणूस नाही. ताईच्या मुलीच्या लग्नाला तो धावून गेला, पैसेही दिले. कायदा काय सांगतो तेही त्याला ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायक केले, ९ सप्टेंबर २००५ पासून ते देशभर झाले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. ठाऊक आहे म्हणून तर सही लागली. आधीच्या काळात ती लागत नव्हती, बहिणीचे नाव लागायचेच नाही. आता ते आधी लावावे लागते आणि मग कमी करावे लागते. प्रगती झाली ती एवढी.

सगळ्याच बहिणी भीडेपोटी सही करतात असे नाही. काहींना खरोखरच नको असते, काहींनी सासरी पुरेसे पाहिलेले असते, आणि भावावर माया असणे हा काही गुन्हा नव्हे. पण जिला नको आहे तिनेही कागद पूर्ण वाचून, घरी चार दिवस ठेवून, मग नाही म्हणावे. सणाच्या दुसऱ्या दिवशी, परतीच्या गाडीच्या आधी, रांगेत उभे राहून नव्हे. दानपत्राला जेवढा विचार लागतो तेवढा तरी हक्कसोडीला लागावा.

राजपुत्रांच्या वारशावर लिहिणाऱ्या लेखकांना आम्ही नावे ठेवणार नाही. त्यांनी वाचक मिळवला, आणि खानदेशात वाचक मिळवणे म्हणजे मे महिन्यात पाणी लागण्यासारखे आहे. तक्रार आहे ती वाचकाविषयी. साडेतीनशे वर्षांपूर्वी रायगडावर कोणावर अन्याय झाला हे त्याला पेन्सिल हाती येताच कळते. कोल्हापुरात लेकीचे रक्त खरे की दत्तकाचा विधी खरा, यावर तो तासभर बोलतो. स्वतःच्या घरच्या कागदावर बहिणीचे नाव दिसले की मात्र त्याला रीत आठवते.

ताई सुरतेला परत गेली. हक्कसोडीचा दस्त तलाठ्याकडे आला. हुद्द्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावात तो तलाठी आप्पाच आहे. फेरफाराची नोंद धरली गेली, पंधरा दिवसांची नोटीस चावडीच्या फळ्यावर लागली. मुदतीत कुणाचीही हरकत आली नाही. नोंद मंजूर आहे.